सर, पोट दुखतंय



१० जुलै २०२४ ची सकाळ आपल्या हिंगोली जिल्ह्यातल्या माणसांच्या चांगली लक्षात असेल. सात वाजून गेले होते. कुणी दूध घेऊन डेअरीवर निघालं होतं, कुणाची पोरं शाळेसाठी डोकं विंचरून घेत होती. तेवढ्यात मांडणीवरची भांडी वाजली, पत्रे खडखडले आणि माणसं अंगणात पळाली. भूकंपाची तीव्रता ४.५ नोंदली गेली. त्याच वर्षी २१ मार्चलाही सकाळी सहाच्या सुमारास पाठोपाठ दोन धक्के बसले होते. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे गावाला तर जमिनीतून येणारे आवाज कित्येक वर्षांपासून ओळखीचे आहेत. थोरामोठ्यांना लगेच किल्लारी आठवली. ३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट मराठवाडा कशी विसरेल?

या धक्क्यानंतरच्या आठवड्यात मी एक गोष्ट पाहिली. घराघरांत आणि शाळाशाळांत मोठी माणसं मुलांना विचारत होती, ‘घाबरलास का रे? रात्री झोप लागली का? स्वप्न पडलं का?’ आजी विचारत होती, गुरुजी विचारत होते, चहाच्या टपरीवरचा अनोळखी माणूससुद्धा विचारत होता. आणि मुलं भरभरून सांगत होती. कोण रडलं, कोण कोणाला बिलगलं, कोणाची चड्डी ओली झाली, सगळं. पंधरा दिवसांनी जमीन शांत झाली आणि विचारणंही थांबलं.

मला आज बोलायचं आहे ते या विचारण्याविषयी. कारण जमीन हलली नाही तरी कित्येक मुलांच्या पायाखाली रोज काही ना काही हलत असतं. ते आपल्याला दिसत नाही, म्हणून आपण विचारत नाही.

‘शाळेतल्या मुलांचं मानसिक आरोग्य’ हा विषय मला सुचवला गेला तेव्हा मी संकोचलो. मी काही मनाचा डॉक्टर नव्हे. कलाशाखेचा साधा पदवीधर, कविता लिहिणारा माणूस. तरी हो म्हणालो, त्याला कारण माझ्याच हातून झालेली एक चूक.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. २७ फेब्रुवारी, मराठी भाषा गौरव दिन. जिल्हा परिषदेच्या एका शाळेत मला कविता म्हणायला बोलावलं होतं. मुलं छान रंगली होती. टाळ्या, हशा. शेवटच्या ओळीत एक सातवीतली मुलगी मात्र मान खाली घालून बसलेली. मला वाटलं, लाजाळू आहे, हिला जरा खुलवू. मी तिला पुढे बोलावलं, माईकसमोर उभं केलं आणि सगळ्यांदेखत म्हणालो, ‘हसायला पैसे पडतात का गं?’ सगळी शाळा हसली. ती हसली नाही. ती तिथंच उभ्या उभ्या थरथरायला लागली आणि मग तोंड झाकून बाहेर पळाली. कार्यक्रम संपल्यावर बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, वीसच दिवस झाले होते, तिच्या वडिलांनी आत्महत्या केली होती. कापूस गेला होता, सावकार दारात येत होता.

श्रोतेहो, ज्याचा धंदाच माणसाच्या मनाशी, त्या माणसाला समोरचं एक मूल वाचता आलं नाही. त्या दिवशी मिळालेलं शाल-श्रीफळ मला घरी नेताना जड झालं. पण त्याहून मला लागलं ते दुसरंच. बाईंना माहीत होतं, मुख्याध्यापकांना माहीत होतं, वर्गातल्या पोरींना माहीत होतं. पण त्या वीस दिवसांत तिच्याशी त्याविषयी कुणीही बोललं नव्हतं. ‘आठवण काढली की रडेल, म्हणून विषयच काढला नाही,’ बाई म्हणाल्या. त्यात त्यांची माया होती, यात मला शंका नाही. पण त्या मायेनं ती मुलगी अधिक एकटी पडली. ती चौदाव्या दिवशी शाळेत आली, हजेरीपटात तिच्या नावापुढं ‘हजर’ लागलं आणि शाळेचं काम तिथं संपलं.

आपल्या भागात मूल ‘माझी मनःस्थिती बरी नाही’ असं म्हणत नाही. ते म्हणतं, ‘सर, पोट दुखतंय.’

सेनगाव तालुक्यातल्या एका तांड्यावरच्या शाळेत एक गुरुजी मला हे सांगत होते. चौथीतला एक मुलगा रोज अकराच्या सुमाराला उभा राहायचा आणि पोट दुखतंय म्हणायचा. गुरुजींनी आधी खिचडी शिजवणाऱ्या मावशींकडून ओवा-मीठ आणून दिलं. मग वाटलं, अभ्यास टाळतोय, म्हणून रागावले. मग प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, काही नाही. तेव्हा गुरुजींनी हिशेब मांडला. दुखणं सुरू झालं दिवाळीनंतर. आणि दिवाळीच्या आगंमागंच मुकादमाची उचल घेतलेले त्याचे आईबाप ऊसतोडीला गेले होते. मुलगा आजा-आजीपाशी राहिला होता. आता गुरुजी दर शनिवारी शाळा सुटताना आपल्या फोनवरून त्याला आईशी बोलायला देतात. पोटदुखी पार गेली असं ते म्हणाले नाहीत. ‘रोजची होती, आता आठवड्यातून एखाद्या दिवशी दुखतं,’ एवढंच म्हणाले. मला हे प्रामाणिक उत्तर फार आवडलं.

पोट दुखतं, डोकं जड होतं, छातीत धडधडतं, करमत नाही, जीव लागत नाही, घास उतरत नाही. आपल्या भाषेत मनाचं दुखणं शरीराच्या वाटेनं येतं. आमच्या घरी दखनी बोलतात. लहानपणी मला शाळेची धास्ती वाटायची तेव्हा मी अम्मीला म्हणायचो, ‘जी घबरारा.’ शाळेत गेल्यावर हे गुरुजींना मराठीत कसं सांगायचं ते मला कळत नसे. म्हणून मी गप्प बसायचो आणि ‘मंद आहे’ असा शेरा मिळवायचो. आजही बंजारा मुलाच्या घरी गोरमाटी असते, आंध आदिवासी मुलाच्या घरी वेगळी बोली असते, आमच्या मोहल्ल्यातल्या पोराच्या घरी दखनी असते. गणिताचं उत्तर मूल शाळेच्या भाषेत देऊ शकतं. भीती मात्र ते घरच्याच भाषेत सांगू शकतं. म्हणून ऐकणाऱ्याला ती बोली कळली पाहिजे, निदान त्या बोलीला हसू तरी येऊ नये.

त्या चुकीनंतर मी शाळांमध्ये कविता म्हणायला गेलो की एक करतो. कार्यक्रमाच्या शेवटी मुलांना कागदाचे चिटोरे वाटतो आणि सांगतो, ‘भीती कशाची वाटते ते लिहा. नाव घालू नका.’ साप, भूत, विहीर, गणित, हे तर असतंच. पण त्यातच एका चिठ्ठीवर लिहिलेलं होतं, ‘आजोबा रात्री खोकायचे थांबले की भीती वाटते.’ आईबाप तोडीवर गेलेलं ते लेकरू रात्रभर आजोबांचा खोकला मोजत असणार. दुसरी चिठ्ठी होती, ‘पाऊस आला नाही की अप्पा बोलत नाहीत.’ आणि एका मुलीच्या अक्षरातली, ‘पाहुणे येणार म्हटलं की भीती वाटते.’ हे कुठले पाहुणे, हे श्रोत्यांना वेगळं सांगायला नको. आठवी-नववीतल्या मुलीच्या घरी चहापोह्याला येणारे पाहुणे.

ही केवळ आपल्या जिल्ह्याची गोष्ट नाही. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेनं २०१५-१६ मध्ये देशाचं मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्यात १३ ते १७ वयोगटातल्या सुमारे ७.३ टक्के मुलामुलींना मानसिक आजार असल्याचं आढळलं. म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गात साधारण तीन. एनसीईआरटीनं २०२२ च्या सुरुवातीला सहावी ते बारावीच्या ३ लाख ७९ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांना विचारलं, तेव्हा ८१ टक्के मुलांनी अभ्यास, परीक्षा आणि निकाल ही चिंतेची कारणं सांगितली. २८ टक्के मुलं म्हणाली की वर्गात प्रश्न विचारायला संकोच वाटतो. ज्याला गणितातली शंका विचारायचा धीर होत नाही, तो मनातली शंका कुणाला विचारणार? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ मध्ये देशात १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि त्यात महाराष्ट्राचा क्रमांक पहिला होता. संतांच्या, समाजसुधारकांच्या या राज्याला हा पहिला क्रमांक शोभत नाही.

मग यावर काहीच होत नाही का? होतं. कागदावर तर बरंच झालं आहे, आणि ते आपल्याला माहीत असायला हवं.

२००९ चा शिक्षण हक्क कायदा आपण मोफत पुस्तकं आणि प्रवेश यांपुरताच ओळखतो. त्याच कायद्याच्या १७ व्या कलमानं मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास द्यायला बंदी केली आहे. आणि २९ व्या कलमात म्हटलं आहे की, अभ्यासक्रमानं मुलाला भय, आघात आणि चिंता यांपासून मुक्त करावं, त्याला आपलं म्हणणं मोकळेपणानं मांडायला मदत करावी. भयमुक्ती ही कुणाची मेहेरबानी नव्हे, कायद्यानं दिलेला तो अभ्यासक्रमाचा भाग आहे. आपल्या राज्यानं २०२२ मध्ये शाळाशाळांतून सखी सावित्री समित्या नेमायला सांगितलं. शाळेत तक्रारपेटी असावी, असेही आदेश आहेत. किशोरवयीन मुलामुलींसाठी सरकारी दवाखान्यांत ‘मैत्री’ केंद्रं आहेत. शेतकरी आत्महत्या रोखण्यासाठी २०१५ मध्ये मराठवाडा आणि विदर्भातल्या १४ जिल्ह्यांत ‘प्रेरणा’ प्रकल्प सुरू झाला. त्यात आपली हिंगोलीही आली. त्यात आशाताई घरोघरी जाऊन मोठ्या माणसांना झोपेबद्दल, निराशेबद्दल विचारतात. चांगलं काम आहे. पण त्याच घरातलं लेकरू त्या वेळी शाळेत असतं, आणि शाळेत त्याला तेच प्रश्न विचारणारं कुणी नसतं.

अगदी अलीकडे, २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं विशाखापट्टणममधल्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात निकाल देताना देशभरातल्या शिक्षणसंस्थांसाठी १५ मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत मुलांच्या मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण घेतलेला किमान एक समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता असावा. शिक्षकांना वर्षातून किमान दोनदा या विषयाचं प्रशिक्षण मिळावं. मदतीचे दूरध्वनी क्रमांक मोठ्या अक्षरांत लावलेले असावेत. फार चांगलं झालं. पण आपल्या जिल्ह्याच्या नजरेनं हा निकाल वाचा. शंभराहून कमी विद्यार्थी असतील तर? तर त्या शाळेनं बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यावं, असं त्यात म्हटलं आहे. आता औंढा, कळमनुरी, सेनगावच्या वाड्या-तांड्यांवरच्या शाळा डोळ्यांपुढं आणा. पटावर तीस, चाळीस, साठ मुलं. दोन शिक्षक, चार-पाच वर्ग. तज्ज्ञ माणूस कुठं, तर जिल्ह्याच्या ठिकाणी. तिथं मुलाला न्यायचं तर आजीचा एक दिवसाचा रोज बुडतो आणि एसटीचं भाडं जातं. ज्या लेकरांना सगळ्यात जास्त गरज, नेमकी त्यांचीच शाळा शंभराच्या आत असते.

इथं काही श्रोते म्हणतील, ‘मग गुरुजींनीच ऐकावं की!’ ऐकणारे गुरुजी आहेत. मघाशी सांगितलेले तांड्यावरचे गुरुजी त्यांच्यापैकीच एक. पण त्यांची अवस्थाही पाहा. तेच तीन वर्ग एकत्र घेऊन बसलेले. खिचडीचा हिशेब त्यांच्याकडं, मतदार यादी त्यांच्याकडं, मोबाइलवर माहिती भरणं त्यांच्याकडं. शिवाय एक अडचण मूळचीच आहे. गुरुजींच्या हातात मुलाची उत्तरपत्रिका असते. जो आपल्याला गुण देतो, जो आपल्या वडिलांना ओळखतो, त्याच्यापाशी मूल सगळं बोलेलच असं नाही.

या बाबतीत बिहारमध्ये झालेला एक प्रयोग आपल्याला वाट दाखवतो. गोव्यात १९९६ पासून मानसिक आरोग्याचं काम करणारी ‘संगाथ’ ही संस्था आहे. तिच्या पुढाकारानं २०१५-१६ च्या सुमारास नालंदा जिल्ह्यातल्या ७५ सरकारी माध्यमिक शाळांत ‘सेहेर’ नावाचा प्रयोग झाला. काही शाळांत हे काम तिथल्याच शिक्षकाला प्रशिक्षण देऊन सोपवलं. काही शाळांत ‘सेहेर मित्र’ नावाचा एक माणूस नेमला. तो मानसोपचारतज्ज्ञ नव्हता. त्या भागातलाच, प्रशिक्षण घेतलेला साधा माणूस होता, आणि त्याच्याकडं दुसरं काम नव्हतं. उरलेल्या शाळा तुलनेसाठी ठेवल्या.

काम काय, तर अगदी आपल्या आवाक्यातलं. शाळेत एक पेटी, तिच्यात मुलांनी मनातलं लिहून टाकायचं. दर महिन्याला भित्तिपत्रक. परिपाठाच्या वेळी राग, मैत्री, छळवणूक अशा विषयांवर बोलणं. मारहाण आणि चिडवाचिडवी यांविरुद्ध शाळेचा स्पष्ट नियम. आणि ज्याला एकट्यानं बोलायचं आहे, त्याच्यासाठी वेळ आणि एक कोपरा.

निष्कर्ष २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’ या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. मित्र नेमलेल्या शाळांत वातावरण सुधारलं, मुलांमधली निराशा कमी झाली, दादागिरी आणि मारामारी घटली. शिक्षकांवर जादा काम म्हणून सोपवलेल्या शाळांत मात्र फरक पडला नाही. यात शिक्षकांना कमी लेखण्याचं काही कारण नाही. पाण्यानं भरलेल्या घागरीत आणखी पाणी ओतलं तर ते सांडणारच. ऐकणं हे एक काम आहे, आणि त्या कामाला माणूस लागतो, वेळ लागतो, हे त्या प्रयोगानं दाखवून दिलं.

कुणी म्हणेल, ही सगळी बाहेरची खुळं. त्यांना मी अमळनेरची आठवण करून देईन. १९३० पूर्वी साने गुरुजी तिथल्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि वसतिगृहातल्या मुलांमध्ये राहत होते. ते मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचं हस्तलिखित दैनिक काढत. रोज, स्वतःच्या हातानं लिहून. मुलांची अंथरुणं घालणं, कपडे धुणं, आजारपणात उशाशी बसणं, हे सगळं करता करता ते मुलांच्या मनाशी बोलत राहिले. तेव्हा समुपदेशन हा शब्दसुद्धा रूढ नव्हता. भित्तिपत्रक आणि पेटी ही आपल्याच मातीतली वाट आहे. आपण मध्येच ती सोडून दिली.

आणि ‘आमच्या वेळी असलं काही नव्हतं, तरी आम्ही घडलो’ असं म्हणणारेही पुष्कळ आहेत. मी त्यांना नम्रपणे एवढंच विचारतो, तुमच्या पहिलीच्या वर्गात किती जण होते आणि दहावीला किती पोहोचले? मधे जे गळाले, ते सगळेच काही बुद्धीनं कमी नव्हते. काहींना गरिबीनं ओढून नेलं. काहींना भीतीनं. आपण जे घडलो ते बोलायला उरलो, म्हणून आपल्याला वाटतं की सगळेच घडले.

मग आपल्या जिल्ह्यात काय करता येईल? मला सुचतं ते सांगतो. आपल्याकडं दहा-बारा शाळांचं मिळून एक केंद्र असतं, त्याला केंद्रप्रमुख असतो. प्रत्येक छोट्या शाळेला समुपदेशक मिळणं कठीण आहे, हे मान्य. पण प्रत्येक केंद्राला एक ‘मित्र’ किंवा ‘ताई’ देता येईल. त्याच भागातली, मराठीबरोबर गोरमाटी, दखनी किंवा तिथली जी बोली असेल ती जाणणारी, पदवी घेऊन घरी बसलेली किती तरी तरुण मुलंमुली आपल्या गावागावांत आहेत. त्यांना नीट प्रशिक्षण द्यावं, त्यांच्या पाठीशी जिल्हा रुग्णालयातला तज्ज्ञ उभा करावा आणि दर आठवड्याला ठरलेल्या वारी त्यांनी ठरलेल्या शाळेत यावं. न्यायालयानं लहान शाळांसाठी सांगितलेली जोडणी अशा माणसाशिवाय कागदावरच राहील. ऊसतोडीच्या हंगामात जिथं मुलांसाठी हंगामी वसतिगृहं चालतात, तिथून याची सुरुवात करावी. ही मागणी आपल्या शाळा व्यवस्थापन समितीनं ठराव करून वर पाठवावी. समितीत बहुसंख्य पालक असतात, हे विसरू नका. रस्त्यासाठी ठराव करतो, पाण्याच्या टाकीसाठी करतो, मग यासाठी का नाही?

माणूस मिळेपर्यंतही हातावर हात ठेवून बसायचं कारण नाही. शाळेत तक्रारपेटी असेल तर आधी तिचं कुलूप उघडतं का ते पाहा. मी पाहिलेल्या एका पेटीची किल्ली कुठं आहे, हे कुणालाच माहीत नव्हतं. आणि तिच्यावरचं नाव बदला. मुलाची तक्रार नसते. आजोबांचा खोकला ही काही तक्रार नव्हे. ‘मनातलं’ असं लिहा त्या पेटीवर. दर शनिवारी ती उघडा, आणि चिठ्ठी वाचून हस्ताक्षर ओळखायचा खेळ मात्र करू नका.

मूल काही सांगू लागलं तर मधे उपदेश करू नका. ‘त्यात काय एवढं’ हे तीन शब्द गिळून टाका. सगळ्यांसमोर विचारू नका, ही चूक मी केलेली आहे. ‘कुणालाच सांगणार नाही’ असं खोटं वचनही देऊ नका. जिवाला धोका असेल, कुणी अंगाशी खेळत असेल, तर सांगावंच लागतं. तेव्हा ‘तुझ्या भल्यासाठी कुणाला सांगायचं ते आपण दोघं ठरवू’ असं म्हणा. बोलकं मूल एकाएकी गप्प झालं, खेळायचं सोडलं, जेवणझोप बिघडली, वस्तू वाटून टाकू लागलं, ‘मी नसलेलंच बरं’ असं म्हणालं, तर ते मनावर घ्या. चेष्टा समजू नका. त्याला एकटं सोडू नका, सरळ विचारा आणि मदत घ्या. मरणाचा विषय काढला तर मुलाच्या डोक्यात भलतं येईल, ही भीती खोटी आहे, असं तज्ज्ञ सांगतात. विचारल्यानं मुलाचा भार हलका होतो.

आणि एक नंबर लिहून घ्या, १४४१६. ‘टेलिमानस’ ही केंद्र सरकारची सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. रात्रंदिवस चालते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. संकटातल्या मुलांसाठी १०९८ हाही नंबर आहे. हे दोन्ही नंबर शाळेच्या भिंतीवर रंगवून घ्या. सुविचार लिहायला आपण इतकी भिंत देतो, तिच्यात दोन आकडे सहज मावतील.

शेवटी त्या मुलीविषयी. मी पुढच्या आठवड्यात त्या शाळेत परत गेलो. कार्यक्रम नव्हता, असाच गेलो. बाईंच्या देखत, व्हरांड्यात, तिच्याजवळ बसून म्हणालो, ‘बेटा, त्या दिवशी माझं चुकलं. मला तुझ्या बाबांचं माहीत नव्हतं.’ ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, ‘बाबा पण कविता म्हणायचे. शेतात.’ आणि मग ती बाबांविषयी बोलत राहिली, मधली सुट्टी संपेपर्यंत. मी कवी असूनही तिला सांगण्यासारखं माझ्याकडं काही नव्हतं. मी फक्त ऐकलं. बाईही ऐकत होत्या. घंटा झाली तेव्हा तिनं ओढणीनं तोंड पुसलं आणि वर्गात गेली. त्यानंतर बाई रोज मधल्या सुट्टीत तिच्याशी दोन शब्द बोलू लागल्या. पुढच्या वर्षी ती आठवीसाठी दुसऱ्या गावच्या शाळेत गेली. रोज चालत जाते, हे मला नंतर कळलं. शाळा सुटली नाही तिची.

श्रोतेहो, उद्या सोमवार. आपल्या जिल्ह्यातल्या शाळांमध्ये हजेरी घेतली जाईल. कुठल्या तरी वर्गात एखादं लेकरू उभं राहील आणि म्हणेल, ‘सर, पोट दुखतंय.’ त्याला ओवा जरूर द्या. पण मग जवळ बसवून, हळूच, हेही विचारा की, ‘घरी सगळं बरं आहे ना रे?’



(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)